टाकीकडे सरकणारी घरं

आमच्या टाकीत पावसाचं पाणी साठायला लागलं आणि शेजारची इमारत आमच्याकडे सरकू लागली. सोलापुरात त्या वर्षी नळाचा भरवसा उरला नव्हता. माझे यजमान श्रीनिवास सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी हट्टानं गच्चीचे पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडून घेतले होते.

आधी मधल्या बोळात स्कूटर अडकली. मग माणसालाही अंग चोरून जावं लागायचं. एक इंजिनिअर येऊन बघून गेले. तहानेनं होतं असं, तुमचं पाणी संपलं की थांबेल, म्हणाले. श्रीनिवासनी टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं.

एका सकाळी चहा टाकताना पाहिलं, तर खिडकीच्या गजांना त्या इमारतीतल्या कोंगारी वहिनींचा ओटा टेकला होता. हात लांबवला असता तर त्यांचा गॅस बंद करता आला असता. पदर सावरत त्यांनी आधी माफी मागितली. आपल्या सासूबाईंचे ओठ फुटलेत, भिंतींनाही तशाच भेगा पडल्यात, असं सांगितलं.

"वहिनी, एक कळशी द्या. घर थांबेल आमचं."

मी श्रीनिवासना विचारलं. किल्ली मुठीत धरून ते हळूच म्हणाले, "एकाला दिलं की सगळे येतील."

किल्ली ठेवून ते आंघोळीला गेले तेव्हा मी कुलूप काढलं. पाणी भरून तांब्या-तांब्यानं गजांमधून दिलं. त्यांच्या सासूबाई प्यायल्या. म्हैस बसावी तसा आवाज झाला आणि इमारत थांबली. आम्ही दोघी हसलो.

दुपारी मागच्या खोलीत अंधार झाला. पलीकडच्या गल्लीतली इमारत येऊन टेकली होती. पाठोपाठ शाळा आली, वर्ग चालूच होते. दार उघडलं की कुणाची तरी गॅलरी लागायची. कुणीही रागावलेलं नव्हतं. सगळ्यांनी नुसती भांडी पुढे धरली होती. भिंती करकरत होत्या. श्रीनिवास टाकीपाशी आले. स्वतःच बादली सोडून पाणी ओढू लागले, मी वाटू लागले. शेवटी बादली तळाला आपटली.

"संपलं," ते म्हणाले.

मागे कुणीच सरकलं नाही. जिन्यात भिंती खांद्यांना घासत होत्या, तसेच आम्ही गच्चीवर गेलो. साऱ्या शहराच्या गच्च्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि नजर जाईल तिथवर माणसं घागरी घेऊन उभी होती. अक्कलकोट नाक्याकडून एक काळा ढग आला, आमच्यावर थांबला आणि खाली उतरू लागला. लोकांनी भांडी वर केली. मीही माझं केलं.

ढग माझ्या हातांना टेकला. तो कोरडा होता. चाचपडत तो टाकीच्या पाइपाकडे सरकला.