मुकेशच्या वावरातली टिटवी

टिटवीनं मुकेशच्या वावरात अंडी घातली आन माही पंचाईत झाली.

मुकेश माहा लहान भाऊ. रोहण्याले शेती करते. मी वर्ध्याले नोकरी केली, रिटायर झालो, आता सिंदी मेघेले एकटाच राह्यतो. बायको जाऊन सहा वर्षं झाले. घरात आवाज म्हणजे फ्रिजचा. मंग काय, कॅमेरा घ्यायचा, स्कूटर काढायची आन बाराही महिने पक्ष्याईमागं फिरायचं. लोक म्हणते, साहेबाले मस्त छंद हाये. कायचा मस्त बावा! भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं, एवढंच.

मुकेश चार वर्षांपासून माह्याशी बोलत नाई. चूक माही हाये, ते आधीच सांगून टाकतो. माय जानेवारीत गेली. तेरवीच्या दिवशी पहाटेच एका दोस्ताचा फोन आला, तलावावर पट्टकादंब उतरले म्हणून. हिमालय ओलांडून येते बाप्पा ते पक्षी! एखाद दिवस थांबते आन चालले जाते. म्हटलं, दहापर्यंत परत येतो. आमच्या घरी तेरवीले मोठ्या पोराले पाटावर बसवते आन मामा त्याच्या डोक्याले पागोटं बांधते. आता घराचा मोठा तू, असं. मी मात्र तलावाच्या काठी पोटावर पडेल होतो, फोन सायलेंट. घरी आलो तं दीड वाजला होता. पंगती उठल्या होत्या. पागोटं मुकेशच्या डोक्यावर होतं. त्यानं माह्या पँटीवरच्या चिखलाकडं पाह्यलं आन आत चालला गेला.

खरं सांगू? पक्षी तं जवळच पवनारले धाम नदीवरही रग्गड हाये. खंड्या हाये, हिवाळ्यात चक्रवाकाची जोडी येते. तरी मी येवढ्या लांब रोहण्याले काऊन जातो? रोडावर निंबाखाली उभं राह्यलं की लेन्समधून मुकेश दिसते, म्हणून. दसऱ्याच्या टायमाले तारेवर नीळकंठ बसते, त्याच्या मागं मुकेश कपाशीले फवारून राह्यला. थंडीत हरभऱ्यात धोबी पक्षी शेपटी हालवत फिरते, आन मुकेश मायची शाल पांघरून पाणी देते. एकदा रोडाकडं पायते. दुसऱ्यांदा नाई पायत. दिवसभर थांबतो, डबा खातो, परत येतो. भावाच्या गावात जाऊन डबा खाणारा माणूस मीच असन.

यंदा मे महिन्यात पाह्यलं तं वावराच्या कडंच्या धुऱ्याजवळ उघड्या ढेकळात टिटवी बसेल. चार अंडी, मातीच्याच रंगाचे. दोन आठवडे झाले असन, उबवून राह्यली होती. तेवढ्यात मुकेश ट्रॅक्टर घेऊन आला आन नांगरटी सुरू केली. हरेक फेऱ्याले नांगर जवळ येऊन राह्यला. टिटवी वर उडून ओरडून ओरडून बेजार. मी रोडावरून हात हालवले, बोंबललो. ट्रॅक्टरच्या त्या फटफटाटात त्याले काय ऐकू येते! शेवटी म्हटलं जाऊ दे, आन चार वर्षं जो धुरा ओलांडला नाई तो ओलांडून पळत सुटलो. थेट ट्रॅक्टरच्या समोर उभा.

"अंडी हाये तथी!" चार वर्षांनी भावाशी बोललो ते हे.

त्यानं ट्रॅक्टर बंद केला.

"अंड्यासाठी धावत आला," तो म्हणे. "मायसाठी काऊन नाई धावला?"

मले रडूच आलं. साठी उलटलेला माणूस, गळ्यात येवढा मोठा कॅमेरा, आन भर वावरात रडून राह्यलो. "चुकलं रे मुकेश," म्हटलं. "लय चुकलं."

तो खाली उतरला, अंड्याजवळ जाऊन वाकून पाह्यलं. "उंच जागी घातले. म्हणजे यंदा पाऊस चांगला हाये," म्हणे. मंग पळसाची फांदी तोडून बाजूले रोवली आन तेवढा तुकडा सोडून बाकीचं नांगरलं. टिटवी परत येऊन बसली. मी धुऱ्यावर बसून राह्यलो, तो जा म्हणेपर्यंत उठायचं नाई म्हणून.

काम झाल्यावर तो पाणी प्यायले आला. "दाखव," म्हणे, "कायचे फोटो काढतं रोडावरून, इतक्या वर्षांपासून."

रोहण्याच्या फोटोचं मेमरी कार्ड मी वेगळं ठेवतो, कधीच रिकामं केलं नाई. दिला कॅमेरा. तो बटन दाबत गेला. नीळकंठाच्या मागं तो. धोब्याच्या मागं तो. पुढं पुढं तं पक्षीच नाई, तोच. पाठीवर पंप घेतलेला तो, बांधावर भाकर खाताना तो, पहिल्या वर्षी काळे केस, नंतर पांढरे. एका फोटोवर लय वेळ थांबला.

"शाल मायची," तो म्हणे.

"हाव."

कॅमेरा माह्या हातात देल्ला. ट्रॅक्टरवर चढला आन माह्याकडं न पायता म्हणे, "थे पागोटं पेटीत हाये. थे तुहं होतं, दादा. मले नाई पेललं. न्याले येजो."

दादा म्हटलं त्यानं. परत येताना पूर्ण रस्ताभर स्कूटरवर तेच ऐकू येऊन राह्यलं.

घरी आलो. फ्रिजचा आवाज सुरूच होता. जेवताना मनात हिशेब केला: पिल्लं निघायले अजून दहा-बारा दिवस हाये. तवाच जाऊ, पागोटंही आणू, पिल्लाईचे फोटोही भेटन. आन घास हातातच राह्यला. अबे बेशरमा, पुन्हा तेच?

सकाळी कॅमेरा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आन पहिल्या बसनं रोहण्याले निघालो. खिडकीजवळ जागा भेटली. बाहेर तारेवर काहीतरी निळं बसलं होतं, मी पाह्यलं नाई. मांडीवर दोन्ही हात ठेवून बसलो होतो, आन त्या रिकाम्या हाताचं काय करावं तेच मले समजेना.