रोसेंदोची चांदणी

निकानोरचं आपल्या बायकोच्या एका दाताशी अकरा वर्षं वैर होतं.

दात तसा बिचारा निरुपद्रवी. वरच्या ओळीतला, पुढचा. त्यावर सोन्याची पातळ टोपी होती आणि टोपीच्या मधोमध चांदणीच्या आकाराची खिडकी कापलेली. त्या खिडकीतून दाताचा पांढरा रंग दिसायचा. दोमिंगा हसली की सोन्यात पांढरी चांदणी उगवायची, आणि दोमिंगाला हसायला कारण लागायचं नाही. मोमोस गावच्या रविवारच्या बाजारात ती घोंगड्या मांडून बसली की गिऱ्हाईक आधी चांदणी बघायचं, मग घोंगडी. घोंगडी निकानोरने विणलेली. चांदणी मात्र रोसेंदोने दिलेली, म्हणजे दोमिंगाच्या पहिल्या नवऱ्याने, लग्न ठरलं तेव्हा. त्या काळी तशी पद्धतच होती. ऐपतवाला मुलगा ठरलेल्या मुलीला शहरात न्यायचा आणि तिच्या चांगल्या धडधाकट दातावर सोनं चढवून आणायचा.

रोसेंदोला जाऊन चौदा वर्षं झाली होती. पण निकानोर जळायचा. या वयात हे शोभत नाही हे त्याला कळत होतं, तरी जळायचा. जिवंत माणूस असता तर त्याला बाजारात गाठून चार शब्द सुनावता आले असते. हा आपला टेकडीवर निळ्या थडग्यात आरामात पडलेला, आणि त्याचं सोनं इथे दुसऱ्याच्या बायकोच्या तोंडात. दरवर्षी मृतांच्या सणाला दोमिंगा पिवळी फुलं घेऊन त्या थडग्यावर जायची. पाण्याची बादली वाहायला बरोबर कोण? तर निकानोर. बादली खाली ठेवताना तो हटकून थोडं पाणी थडग्याच्या कोपऱ्यावर सांडायचा. तेवढंच समाधान.

शिवाय स्वतःच्या तोंडाची गोष्ट वेगळीच होती. त्याच्या तरुणपणी गावात दातांचं एकच औषध होतं, बाजाराच्या दिवशी पक्कड घेऊन येणारा माणूस. दुखला की उपट. असं करत करत पन्नाशीत निकानोरचं बोळकं झालं आणि वर-खाली कवळी आली. दोमिंगा भाजलेलं कणीस पुढच्या दातांनी कराकरा खायची, तेव्हा तो आपले दाणे सुरीने काढून घ्यायचा आणि मनात म्हणायचा, बघा, हिला चावायलासुद्धा तोच लागतो.

बोलून मात्र कधी दाखवलं नाही. ती फार हसली त्या दिवशी तो न बोलता जेवायचा. काय झालं म्हणून तिने विचारलं की म्हणायचा, धागा तुटला.

आणि एक दिवस चांदणी काळी पडली.

सकाळी चुलीपाशी मक्याचं गरम आटोल पिताना दोमिंगा कशावर तरी हसली आणि निकानोरला दिसलं, सोन्याच्या खिडकीतला पांढरा रंग तपकिरी झालाय. तिला पत्ता नव्हता. घरात आरसा होता तो मागाच्या खोलीत, अंधारात. निकानोरने पंधरा दिवस त्याबद्दल शब्द काढला नाही. मनात मात्र त्याला गुदगुल्या होत होत्या. मग गार पाण्याने दोमिंगाच्या दाताला कळ लागायला लागली, तसा तो स्वतःच म्हणाला, उद्या शहरात दाखवून येऊ. बायकोला एवढं कौतुक वाटलं की तिने त्याच्यासाठी नवा शर्ट काढला.

दातांच्या डॉक्टरीणबाई, इलियाना नाव, तिशीच्या होत्या आणि बोलायला रोखठोक. सोन्याच्या कडेतून वर्षानुवर्षं अन्न आत झिरपलंय, टोपीखाली दात किडलाय, असं त्यांनी आरशात दाखवून सांगितलं. निकानोरने शक्य तेवढ्या दुःखी आवाजात विचारलं, “मग काढूनच टाकायचा ना?”

“काढायचा कशाला?” बाई म्हणाल्या. “मूळ पक्कं आहे. या वयात आपला एक दात वाचवला ना, तर तो शेजारच्या चारांना सांभाळतो. एक काढा, बाकीचे त्या फटीकडे झुकतात, चावणं बिघडतं, मग एकेकाचा नंबर लागतो.” त्यांनी निकानोरच्या कवळीकडे पाहिलं. “बाबा, तुम्हाला हे मी काय सांगावं.”

निकानोरने ओठांनी कवळी झाकली.

सोनं मात्र काढावंच लागलं. लसणाच्या सालीसारखं ते दोन तुकड्यांत निघालं. बाईंनी ते कागदात बांधून दोमिंगाच्या हातात दिलं आणि रूट कॅनलला सुरुवात केली. पुढच्या खेपेला दाताच्या आत बारीक खुंटी बसवून वर सिमेंटने दात उभा केला. मग त्या हातमोजे काढत बाहेर बाकावर बसलेल्या निकानोरकडे आल्या. दोमिंगाचा ओठ बधिर होता, तोंडात कापूस होता, तिला बोलता येत नव्हतं.

“आता वरची कॅप करायला टाकायची,” बाई म्हणाल्या. “बाकीच्या दातांच्या रंगाची करायची, की सोन्याची, पहिल्यासारखी चांदणी असलेली? दोन्ही सारख्याच टिकतील. घरी त्यांना विचारा आणि गुरुवारपर्यंत फोन करा.”

परतीच्या बसमध्ये दोमिंगा खिडकीशी बसली, रुमाल तोंडावर धरून. अर्ध्या वाटेत तिने बोबड्या आवाजात विचारलं, “चांदणी परत बसवतील ना?”

निकानोर बाहेर मक्याच्या शेतांकडे बघत होता. “नाही म्हणाल्या. सोनं आता त्या दाताला झेपायचं नाही म्हणे. बसवलं तर दातच जाईल.”

खोटं बोलताना आपली कवळी तरी सटकेल असं त्याला वाटलं होतं. काही झालं नाही. दोमिंगाने मान हलवली आणि रुमाल घर येईपर्यंत तोंडावरून काढला नाही. गुरुवारी निकानोरने फोन केला आणि सांगितलं, दाताच्या रंगाचीच.

कॅप बसवायच्या दिवशी तो बाकावर बराच वेळ ताटकळला. दोमिंगा बाहेर आली ती हसतच. दात भगभगीत पांढरा नव्हता. बाईंनी त्यात किंचित पिवळा मिसळला होता, चौसष्ट वर्षांच्या शेजाऱ्यांत नवा म्हणून ओळखू येऊ नये इतपत. निकानोर बघतच राहिला. त्या तोंडात आता कुणीही नव्हतं. बसस्टँडवर त्याने तिला भाजलेलं कणीस घेऊन दिलं आणि तिने ते पुढच्या दातांनी बिनधास्त खाल्लं, तेव्हा त्याला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं आहे, असं त्याने सांगितलं.

एक आठवडा तो राजासारखा जगला. मागावर बसून गाणी म्हणायचा. बाजारात बायका दोमिंगाला म्हणाल्या, दहा वर्षांनी लहान दिसतेस गं, तेव्हा त्याने छाती फुगवली, जणू दात त्यानेच विणला होता.

मग त्याच्या लक्षात यायला लागलं. लोकर कातता कातता दोमिंगाचा हात थांबायचा. नजर कुठेतरी लांब जायची. दोनदा हाक मारली तरच ओ द्यायची. पूर्वी असं नव्हतं. निकानोर पुन्हा जळायला लागला. लोकरीचा व्यापारी हल्ली जरा जास्तच वेळ थांबतो, हे त्याने हेरलं. घोंगड्यांना रंग देणारा विधुर मिगेल आंखेल तिला नमस्कार करताना टोपी काढतो, हेही हेरलं. मेलेला निदान टेकडीवरून खाली तरी येत नव्हता. हे जिवंत.

एका दुपारी दोघं गरम झऱ्यावर नवी घोंगडी धूत होती. लोकर आटून घट्ट व्हावी म्हणून ती वाफाळत्या पाण्यात तुडवायची असते. दोमिंगा तुडवता तुडवता थांबली. निकानोरला राहवलं नाही.

“कोण आहे?”

“कोण म्हणजे?”

“मी आंधळा नाही, दोमिंगा. तू कुणाचा तरी विचार करतेस. कुणाचा?”

तिने लपवलं नाही. “रोसेंदोचा,” ती म्हणाली.

निकानोर पुन्हा घोंगडी तुडवायला लागला, जरा जोरातच.

“खरं सांगते,” दोमिंगा म्हणाली. “तुमच्याशी लग्न केल्यापासून मला त्याची आठवण वर्षातून एकदा यायची, फुलं वाहायला जायचं तेव्हा. दात तोंडात होता, पण रोजची वस्तू, तिच्याकडे कोण बघतं? आता जीभ सारखी तिथे जाते. गुळगुळीत लागतं. वाटतं, अरे, इथे काहीतरी होतं. आणि मग तो येतो. दिवसातून चाळीस वेळा येतो. त्याचा आवाज विसरले होते मी. तोसुद्धा आठवला.”

निकानोर घाईघाईने म्हणाला, “आपण पुन्हा जाऊ डॉक्टरीणबाईंकडे. विचारून बघू. जमेलही सोनं.”

“जमतं. त्यांनीच सांगितलं, कॅप बसवायच्या आधी. म्हणाल्या, तुमच्या मालकांनी फोनवर दाताच्या रंगाची सांगितली, तुम्हालाही तीच हवी ना? दोन्ही सारख्याच टिकतात.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, तीच हवी. तुम्ही अकरा वर्षं रुसताय, मला काय कळत नव्हतं? म्हटलं, एवढ्याशा दातावर माणसाचं सुख अडलंय, तर जाऊ दे तो.”

ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिच्या आवाजात राग औषधालाही नव्हता. “उद्याच जाऊ,” तो म्हणाला. “चांदणी बसवून घेऊ. मीच सांगतो बाईंना.”

“बसवून काय होणार आता?” दोमिंगा म्हणाली. “तो आता दातात राहत नाही.”

तिने वाकून घोंगडीचं एक टोक उचललं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं. दोघं समोरासमोर उभी राहून पिळायला लागली, ती एका बाजूला, तो दुसऱ्या. वाफेपलीकडे आतून जीभ फिरून तिचा वरचा ओठ किंचित फुगला आणि पुन्हा खाली बसला. एक, निकानोरने मनात मोजलं. घोंगडी पिळून होईपर्यंत तो पाचवर पोचला होता.