भोंगा वाजला, असं उत्तर आलं

जी चिप अजून जन्मालाच आलेली नाही, तिच्यासाठी प्रोग्राम लिहायचे आणि ते बरोबर आहेत की नाहीत यावर भांडायचं, हा आमचा धंदा. ‘बाजारात तुरी नि भट भटणीला मारी,’ असं दादा त्याला म्हणायचा. दादा कुलपं दुरुस्त करायचा. हातात धरता येत नाही अशा वस्तूवर त्याचा विश्वास नव्हता.

ही चिप मात्र त्याच्याच कामाची होती. आजारामुळे त्याचे स्नायू एकेक करून साथ सोडत होते. छातीचे आधी गेले; बोटं अजून शाबूत होती. श्वास देणारं घरचं यंत्र कपाटाएवढं, भिंतीला जखडलेलं, म्हणून दादाही भिंतीला जखडलेला. आमची चिप ज्या यंत्रात बसणार होती, ते चाकांच्या खुर्चीखाली मावणार होतं. चाचणीच्या पहिल्या यंत्रांपैकी एक त्याला मिळायचं ठरलं होतं. ते आलं की तो पुन्हा दुकानात बसणार होता. बोटं फार तर वर्षभर चालतील, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. त्याने वहिनीकडून सगळ्या कानशी पुसून घेतल्या होत्या.

प्रोग्राम आम्ही आमच्या ऑफिसच्या मशीनवर तयार करायचो, पण त्या चिपच्या भाषेत. त्यामुळे तो आमच्याच मशीनला कळायचा नाही. मग सिम्युलेटर, म्हणजे चिपचं सोंग घेणारा दुसरा प्रोग्राम, त्याला चालवून दाखवायचा. सोंग इतकं बारकाईचं, की चिपच्या एका क्षणाला त्याला तास न् तास लागायचे. वाट बघून बघून आम्ही सगळे चिडखोर झालो होतो. मी तर मुळातच.

मला एक खोड आहे. पास झालेला प्रोग्राम मी मुद्दाम मोडून पुन्हा चालवते. रोग्याची नळी निसटली तर भोंगा वाजवायचा, हा भाग मी बिघडवला आणि सिम्युलेटरवर चढवला. नापास व्हायला हवा होता. पास झाला.

कारण कळायला फार वेळ लागला नाही. सिम्युलेटरमध्ये भोंगा कुणी बसवलाच नव्हता. प्रोग्रामने काहीही मागितलं, की तो आपला ‘वाजवला’ असं उत्तर देऊन मोकळा व्हायचा, आणि आमची तपासणी त्या उत्तरावर खूश. इतके दिवस आम्ही होयबाच्या साक्षीवर निकाल देत होतो.

आमच्या मुख्याला आम्ही हेडमास्तर म्हणतो. तो म्हणाला की प्रोग्राम चौघांनी वाचलाय, बहुतेक बरोबरच आहे. सिम्युलेटरमध्ये भोंगा बसवून सगळं पुन्हा चालवायचं तर चिप बनवणाऱ्या कारखान्यातली आमची पाळी जाईल, पुढची मिळेल अर्ध्या वर्षाने. आणि प्रोग्राम चिपमध्ये कायमचा कोरला जाणार, नंतर दुरुस्ती नाही. ‘तपासणीवर सही तुझी लागते,’ तो म्हणाला, ‘आणि यंत्रही तुझ्याच घरी जाणार आहे.’ एवढं बोलून त्याने ते माझ्या गळ्यात मारलं.

घरी मी दोघांना सगळं सांगितलं. दादाने शेवटपर्यंत ऐकलं.

‘सही कर,’ तो म्हणाला.

‘भोंगा वाजला नाही तर?’

उत्तर वहिनीने दिलं. ‘नाही वाजला तर नाही. मी जागी असते की. तशीही कुठे झोपते?’

खरं होतं ते. यंत्राचा सूर जरा बदलला की ती उठून बसायची. ‘ही यंत्रं दुसऱ्या घरांतही जाणार आहेत,’ मी म्हटलं. ‘तिथे वहिनी नसेल.’

‘माझ्या घरात आहे,’ दादा म्हणाला, आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

मी सही केली नाही. पाळी गेली. आम्ही सिम्युलेटरमध्ये भोंगा बसवला आणि सगळं पहिल्यापासून चालवलं. मी मोडलेला प्रोग्राम नापास झाला. मूळचा प्रोग्राम आम्ही जंग जंग पछाडून तपासला. भोंगा दर वेळी वाजला. एक अक्षरही बदलावं लागलं नाही. हेडमास्तर मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

यंत्र आलं तेव्हा वहिनी आणि मी दादाला दुकानात घेऊन गेलो. शटर वर केलं. वहिनीने खोक्यातलं एक जुनं कुलूप काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटली नाहीत. त्याने पुन्हा प्रयत्न केला. कुलूप घरंगळून मांडीवर पडलं.

‘भोंग्यात काय चूक निघाली?’ त्याने विचारलं.

एखादी चूक रचून सांगणं मला अवघड नव्हतं. त्याला खरी-खोटी कळलीही नसती.

‘काहीच नाही. आधीपासून बरोबर होता.’

खुर्चीखालचं यंत्र त्याला श्वास देत राहिलं. वहिनी माझ्याकडे बघेना.

‘बरं केलंस, असं माझ्या तोंडून निघणार नाही,’ दादा म्हणाला.

‘नको काढूस,’ मी म्हटलं.

वहिनीने कुलूप उचलून खोक्यात ठेवलं. मग मला रडू फुटलं. लहानपणापासून माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं की तो काहीतरी चेष्टा करून मला हसवायचा. त्या दिवशी त्याने मला रडू दिलं.