नेच्याचं पाणी

अंबूबाईंनी नानासोंच्या हातातला तांब्या काढून घेतला, एक चूळ तोंडात घोळवली आणि गॅलरीच्या मोरीत थुंकली.

"नाना, झाडाला मीठ घालताय व्हय?"

नानासो हबकलेच. सांगलीत तीस वर्षं पाण्याची मशीनं बसवली त्यांनी, आणि शेजारीण त्यांनाच पाणी शिकवणार? पण अंबूबाई जतच्या. तिकडे टँकर आला की आधी चूळ भरून बघायची रीत. गोडं लागलं तर घागरीत, मचूळ लागलं तर जनावरांच्या हौदात. साठ वर्षांची ती जीभ फसणं अवघडच होतं.

नानासोंची बायको संयोगिता लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला साताऱ्याला गेल्याला दीड महिना झाला होता. जाताना तिनं सगळं घर नवऱ्याच्या हवाली केलं, पण बजावून सांगितलं ते एकाच कुंडीबद्दल. तो नेचा तिच्या आईनं महाबळेश्वरच्या परड्यातून मुळासकट उपटून दिलेला. आई दिवाळीत गेली, परडं भावानं विकलं. माहेरचं म्हणून आता तेवढंच उरलं होतं. नळाचं पाणी घागरीत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी घालायचं, आणि शहाणपणा करायचा नाही, असं तिनं तीनदा सांगितलं होतं.

नानासोंनी नेमका शहाणपणाच केला. सासूबाईंच्या झाडाला नळाचं औषध मारलेलं पाणी कशाला? इमारतीच्या बोअरवर त्यांनी स्वतः मशीन बसवलं होतं, जड पाणी मऊ करणारं. त्या पाण्यानं साबणाला कसा छान फेस यायचा! मग झाडाला तेच द्यायचं. दर पंधरवड्याला त्या मशीनमध्ये मिठाची पिशवी ओतायचे तेही नानासोच. तरी मिठावर चालणाऱ्या मशीनचं पाणी झाडाला सोसेल का, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. पानं कडेनं करपायला लागली तेव्हा त्यांनी उन्हाला शिव्या घातल्या आणि रोजचा एक तांब्या वाढवला.

संयोगिता आठ दिवसांत येणार होती. नानासो कुंडीपाशी उकिडवे बसले.

"आता काय करू, अंबूबाई?"

"मीठ धुवून काढा. आभाळाचं पानी गावलं तर बगा."

भर एप्रिलात आभाळाचं पाणी आणायचं कुठनं? दोन दिवस जिवाला घोर लावून घेतल्यावर त्यांना नाक्यावरच्या एटीएमचा एसी आठवला. त्याच्या पाईपातून दिवसभर थेंब गळायचे. हवेतलंच पाणी ते, त्यात ना मीठ ना चुना. मग नानासो रोज सकाळी कॅन घेऊन एटीएमच्या पायरीवर बसू लागले. रिक्षावाले थट्टा करत, एसीला फिल्टर बसवताय का म्हणून विचारत. नानासो हसून घेत. घरी आल्यावर कुंडी बादलीवर टेकवून ते पाणी सावकाश ओतायचं आणि खाली निथळलेलं बोटानं चाखायचं. पहिल्या दिवशी खारट लागलं. रोज थोडं थोडं कमी होत गेलं आणि शेवटी नुसती मातीची चव उरली. करपलेली पानं मात्र सगळी कापावी लागली.

संयोगिता आली ती हातातली पिशवीही न ठेवता थेट गॅलरीत गेली. बोडका नेचा पाहून मटकन खाली बसली. नानासोंनी काही लपवलं नाही. मशीन, मीठ, शहाणपणा, सगळं सांगून टाकलं.

"माझं चुकलं गं. लय चुकलं."

तिनं कुंडी जवळ ओढली. डोळे भरून आले होते. मग तिला खुंटांच्या मधोमध एक कोंब दिसला, हिरवा, अजून गुंडाळलेला. तिनं त्यावरून हळूच बोट फिरवलं.

"आवं, पानी कुठलं घातलं शेवटी?"

"एटीएमच्या एसीचं."

संयोगिता डोळे पुसता पुसता हसायला लागली. नानासोंचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले, तर कॅन जागेवर नव्हता. गॅलरीतून वाकून पाहिलं. नाक्यावर एटीएमच्या पायरीवर संयोगिता बसली होती. पाईपाखाली कॅन लावून, तळहातावर दोन थेंब धरून ती ते चाखून बघत होती.