ग्लेनाबाच्या घराची खूण

मी लाल वालुकाश्माचा एक जुना सुळका आहे, मित्रांनो. अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या वाळवंटात एकटाच उभा आहे. मेंढ्या चुकल्या, धुळीचं वादळ उठलं, की सगळे मलाच शोधत. माझ्या पायथ्याशी ग्लेनाबा नावाची मेंढपाळीण राहायची. कुणी वाट विचारली की ती ओठ पुढे काढून माझ्याकडे खुणवायची. बोट दाखवणं तिच्या लोकांत उद्धटपणाचं.

"तो तांबडा म्हातारा दिसला ना, की माझं घर आलंच समज. मटण चुलीवरच असतं!"

हे ऐकून मी नुसता फुलून जायचो.

मग खाणवाले आले. माझ्या पोटात युरेनियम होतं म्हणे. त्यांनी मला पोखरलं, हवं ते नेलं आणि उरलेल्या दगडांचा ढीग टाकून चालते झाले. ना कुंपण घातलं, ना कुणाला चकार शब्द सांगितला.

ग्लेनाबाचा नवरा होस्की तेव्हा नवं घर बांधत होता. दार रीतीप्रमाणे उगवतीला. फरशीसाठी त्याने ढिगातले चपटे दगड उचलले.

"परक्यांनी टाकलेलं घरात कशाला आणतोस?" ग्लेनाबा कुरकुरली.

"परक्यांचं कुठलं? आपल्या म्हाताऱ्याचाच दगड की! यानं कधी कुणाला वाट चुकवलीय का?"

"आण बाबा. कंबर मोडली तर मला सांगू नकोस."

माझा दगड त्यांच्या घरात जाणार म्हणून मी वेडा खूश झालो. त्याचाच मला आज संताप येतो.

त्या फरशीवर त्यांची लेक लोरीन रांगली, तिथेच झोपली, वाढली. होस्की खोकून खोकून गेला. लोरीनला मुलगी झाली आणि थोड्याच वर्षांत मूत्रपिंडं निकामी होऊन तीही गेली. मग कुठे तपासायला माणसं आली. किरणोत्सर्ग मोजायचं त्यांचं यंत्र दारातच कडकडायला लागलं. घर पाडलं, ग्लेनाबाला दूर गावात नेलं. ढीग मात्र तसाच ठेवला.

आता प्रवासी येतात, माझे फोटो काढतात. "वा, काय सुंदर!" म्हणतात. खाली कुणी बघत नाही.

परवा लोरीनची मुलगी आजीला घेऊन आली. लांबूनच म्हणाली, "आजी, हाच ना गं? आपलं घर कुठं होतं?"

ग्लेनाबाने पूर्वीसारखेच ओठ पुढे काढले.

"तो दिसला ना, की गाडी माघारी वळवायची. उद्या तुला मुलं झाली तर त्यांनाही हेच सांग."

गाडी वळली. मित्रांनो, मला इथून हलता येत नाही. पण तो ढीग माणसांनीच टाकलाय, तो तरी उचला रे.