न ओरडणारा तळवा

मित्रांनो, मी एक जुनी दांडी आहे. वीतभर लांब, पेरूच्या लाकडाची, टोकाला गोल. कुणी मला लाटण्याचं पिल्लू म्हणतं. म्हणोत बापडे! मी तैवानमधल्या तायतुंग गावच्या लिएन मावशींची तळवे दाबायची दांडी आहे, आणि इथल्या पळणाऱ्या पोरांचे तळवे माझ्याइतके कुणालाच ठाऊक नाहीत.

मावशींच्या परसातला पेरू वादळात आडवा झाला, तेव्हा त्यांच्या भावाने एका फांदीतून मला घडवलं. मावशींना जन्मापासून दिसत नाही. त्यांनी माझ्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "इथे टोचतंय रे. गिऱ्हाईक पळून जाईल." तो पुन्हा घासायला बसला. असं चार वेळा झालं, म्हणून मी इतकी गुळगुळीत आहे.

सराव संपला की शाळेच्या धावण्याच्या संघातली मुलं मावशींच्या तळवे दाबायच्या दुकानात येत आणि गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसत. मग मावशी तळव्याला मलम चोळत आणि मला टेकवून दाबत. "मधोमध दुखलं? मूत्रपिंड दमलंय. पाणी पी." तळव्याचा मूत्रपिंडाशी काय संबंध, ते मावशी जाणोत. पण दगड होऊन आलेले पाय माझ्याखाली सैल पडत, एवढं मी रोज अनुभवलं आहे.

मावशी ओरडण्याच्या अंदाजाने काम करत. माणूस ओरडला की त्यांचा हात हलका होई. टॅक्सीवाले को काका तर मी टेकायच्या आधीच बोंब ठोकत. "अहो, दांडी अजून माझ्या हातातच आहे!" असं मावशी म्हणाल्या की पोरं हसून लोळायची. त्या हसण्यातूनच मावशींनी एक खेळ काढला. जो ओरडेल, त्याने सगळ्यांना किसलेला बर्फ खाऊ घालायचा. पोरांना खेळ फार आवडला. ओठ चावून, खुर्चीचे हात धरून सगळी गप्प बसू लागली.

त्यांत सावमा सगळ्यांच्या वरताण. किनाऱ्यावरच्या आमिस आदिवासींच्या वस्तीतली ही मुलगी संघात सर्वांत वेगवान होती. तीन वर्षांत तिने एकदाही बर्फ खाऊ घातला नव्हता. मलाही तिचं कौतुक वाटे. काय पोरगी आहे, म्हणायची मी!

त्या वर्षी एका रविवारी मोठी शर्यत होती. तीत पहिल्या तिघींत आली, तर सावमाला क्रीडा महाविद्यालयात जागा मिळणार होती. शर्यतीच्या तीन आठवडे आधीपासून मला काहीतरी वेगळं जाणवू लागलं. तिच्या दुसऱ्या बोटाखाली मी टेकले की सगळी बोटं आत वळत. तोंडातून मात्र हूं नाही की चूं नाही. मावशींना वाटे, इथे सगळं ठीक आहे, आणि त्या मला आणखी जोराने दाबत. माझा जीव तीळ तीळ तुटे.

शनिवारी दुपारी को काका शेजारच्या खुर्चीत होते. आज मात्र ते ओरडायचं विसरून सावमाकडे बघत राहिले.

"मावशी, थांबा जरा. पोरीच्या डोळ्यांतून पाणी येतंय."

"काका, गप्प बसा ना!" सावमा म्हणाली.

मावशींनी मला बाजूला ठेवलं. पावलावरून हात फिरवला. पाऊल सुजलेलं होतं, गरम होतं.

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडे." सावमाचा आवाज अगदी बारीक झाला. "उद्याचा एकच दिवस, मावशी. परवा मी स्वतः कोचना सांगते. शप्पथ!"

मावशींनी तिचं पाऊल मांडीवर घेतलं. "हा गाढव खेळ मीच काढला," त्या म्हणाल्या. "तू गप्प बसायला शिकलीस ती माझ्याच दुकानात. चूक माझी आहे, बाळ. पण कोचना फोन मी आत्ता करणार."

"तुम्ही माझं वाटोळं करताय!"

तीन वर्षांत सावमा पहिल्यांदा ओरडली ती अशी. रस्त्यावरची माणसं थांबून आत बघू लागली. मावशींनी फोन केला.

बोटामागच्या हाडाला चीर गेली होती. आणखी एक शर्यत पळली असती, तर हाडाचे दोन तुकडे झाले असते, असं डॉक्टर म्हणाले. महाविद्यालयातली जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. चार महिने सावमा दुकानाकडे फिरकली नाही. मावशींनी खेळ बंद केला. प्रत्येकाला आधी विचारू लागल्या, "कुठे दुखतंय? नीट सांग." सावमाचं नाव निघालं की त्यांचा हात जागीच थांबे.

मग एका संध्याकाळी सावमा आली. तिने बादलीत पाय सोडले. मावशींनी मला दुसऱ्या बोटाखाली अलगद टेकवलं.

"दुखतंय?"

"इथे नाही आता."

मी तळव्याच्या मध्यावर आले.

"आई गं! इथे दुखतं, मावशी. हळू!"

"बरं, बाई, हळू," मावशी म्हणाल्या आणि बाहीने डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, आता माझं टोक झिजलं आहे. उद्या मावशी नवी दांडी घेतील, त्याचं मला वाईट वाटत नाही. मला सलतात ते तीन आठवडे. त्या पायात काय बिघडलंय, हे सावमाखालोखाल मलाच कळलं होतं. पण मी पडले लाकूड. मला सांगता आलं नाही. तुम्हाला तर तोंड आहे ना? मग दुखलं की सांगा.