लांबवलेल्या गाडीची घरपट्टी

माझा धाकटा भाऊ ट्रक लांबवायचा. तोच त्याचा धंदा. गाडीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मधोमध कापायची, दोन्ही तुकडे एकमेकांपासून लांब ओढायचे, मधल्या जागेत नवं लोखंड घालून वेल्डिंग मारायचं आणि वर तेवढा मोठा हौदा बसवायचा. जुन्या गाडीत मावायचा त्याच्या दीडपट माल मावू लागला की मालक खूश. असं करायला परवानगी नसते हे मालकालाही माहीत असे आणि भावालाही. तरी त्याच्या दारात गाड्यांची रांग लागायची, कारण तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "माझा जोड कधी सुटत नाही."

मग त्याने लांबवलेली एक गाडी दूर कुठल्याशा उतारावर मोडली. ड्रायव्हर केबिनमध्येच गेला. गाडीचा असा चेंदामेंदा झाला होता की आधी काय तुटलं आणि नंतर काय, हे चौकशीला आलेल्यांनाही सांगता आलं नाही. भाऊ स्वतः जाऊन बघून आला. अंगणातल्या नळावर बराच वेळ हात धुतले आणि म्हणाला, "जोडावर नाही मोडली. ओझं फार होतं."

त्यानंतर घरात कधीही तो विषय निघाला की तो एवढंच म्हणायचा. ओझं फार होतं. आम्ही मान हलवायचो. मला लोखंडातलं काही कळत नाही. माझं आयुष्य एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलं, तेव्हा माझ्या मान हलवण्याला तसं काही वजन नव्हतं. पण तो बोलताना माझ्याकडेच बघायचा.

पुढे रस्त्यावरची तपासणी कडक झाली आणि धंदा आटला. शेवटची जी गाडी लांबवायला आली तिचा मालक ती न्यायला परत आलाच नाही. ती अंगणात उभी राहिली. भावाने वर्षभर वाट पाहिली, मग एक दिवस ती मागे घेत घेत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणली. हौद्याचा मागचा फाळका काढला, दारापासून हौद्यापर्यंत एक जाड फळी टाकली, वर पत्रा ठोकला, एका बाजूला खिडकी कापली. आमच्या घराला दोनच खोल्या. एकीत मी, एकीत भाऊ-भावजय. ही तिसरी खोली भावजयीची झाली. तिचं शिलाई मशीन तिथे गेलं, दुपारी पडायला खाट गेली, आणि माझ्या खोलीत न मावणारी पुस्तकंही मी संकोचत संकोचत तिथेच नेऊन लावली. घरातला सगळ्यात चांगला उजेड त्याच खोलीत यायचा. भाऊ कुणी आलं की फळीवर पाय आपटून दाखवायचा. "बघा, जरा तरी हलते का?"

ती हलत नव्हती, हेच पुढे नडलं.

त्या वर्षी पालिकेने घरपट्टी नव्याने आकारायला घेतली. गल्लीत दुसरा विषय नव्हता. रस्त्यावरचा दिवा बंद, गटार तुंबलेलं, कचऱ्याची गाडी आली तर आली. पट्टी मात्र वाढली. कुणाच्या जिन्याखालची मोरी मोजली, कुणाची कोंबड्यांची खुराडी मोजली. शेजारी एक निवृत्त ड्रायव्हर राहतो. त्याचा आवाज मोठा, म्हणून गल्ली त्याला हॉर्न म्हणते. तो रोज ओट्यावर बसून जाहीर करायचा, "उद्या पोटाचा घेर मोजतील. तोही घराबाहेर आलाय."

आमच्याकडे आलेला निरीक्षक तरुण होता, बोलायला मऊ. त्याने दोन्ही खोल्या मोजल्या, स्वयंपाकघर मोजलं आणि फळी ओलांडून सरळ हौद्यात गेला.

"ही खोली कधी बांधली?"

"बांधली नाही. ती गाडी आहे," भाऊ म्हणाला.

"कोणती गाडी?"

"ज्यात तुम्ही उभे आहात ती."

निरीक्षकाने खिडकीचा पडदा सारून बघितलं. मशीन बघितलं, खाट बघितली, माझी पुस्तकं बघितली. मग खाली उतरून चाकं बघितली. चाकं मातीत रुतली होती आणि त्यांच्याभोवती भावजयीने अळू लावलं होतं.

"काका, हिच्यात माणसं राहतात, ही हलत नाही, हिला छप्पर आहे," तो म्हणाला. "आमच्या भाषेत हे कायमचं बांधकाम होतं. इतक्या वर्षांचं."

मागच्या सगळ्या वर्षांची पट्टी दंडासकट आली. भाऊ तडक पालिकेत निघाला. एकटा गेला तर भांडेल म्हणून भावजयीने मला बरोबर धाडलं. मी गेल्याने काही फरक पडेल असं तिला का वाटलं, देव जाणे. मी तिथल्या बाकावर बसून टोपी मांडीवर फिरवत राहिलो.

"गाडीवर घरपट्टी?" भाऊ मोठ्या साहेबांना म्हणाला. "मग घराला नंबरप्लेट लावू का?"

साहेब हसले. त्यांना हसताना बघून भाऊ आणखी चिडला. "मी हिची चासी स्वतः जोडलीय. आजही किल्ली फिरवली तर रस्त्यावर जाईल."

"जाईल?"

"जाईल म्हणजे जाईल."

"मग प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले. "आमच्या माणसासमोर हलवून दाखवा. स्वतःच्या इंजिनावर अंगणाच्या फाटकापर्यंत आली तर वाहन. पट्टी रद्द. नाही आली तर भरा."

घरी येताच भाऊ म्हणाला, "चालवून दाखवायची."

भावजय भाजी निवडत होती. "काही नको. हप्ते पाडून देतात म्हणे. माझ्या शिलाईतून भरू थोडेथोडे."

"प्रश्न पट्टीचा नाही."

"मग कशाचा आहे?"

उत्तर कुंपणापलीकडून आलं. हॉर्नच्या कानांतून काही सुटत नाही. "मिस्त्री, माझं ऐका. ही जिथं आहे तिथं राहू द्या. तुमच्या गाड्या उभ्या असल्या की फार चांगल्या असतात."

हॉर्नला आपण काय बोललो ते उमगलं असावं, कारण तो उगाच खोकला.

"ती भरलेली होती," भाऊ म्हणाला. आवाज चढवला नाही. "ही रिकामी आहे. रिकामी गाडी मोडत नाही. तुम्ही या बघायला."

पुढचे काही आठवडे मी त्याला इतक्या आनंदात पाहिलं की मलाच अपराध्यासारखं वाटायचं, कारण मनातून मी घाबरलो होतो. तो सकाळी गाडीखाली शिरायचा आणि जेवायच्या हाकेलाच बाहेर यायचा. गंजलेले ब्रेक सोडवले, नवी बॅटरी आणली, टायरांचं जुगाड केलं, चाकांपुढची माती उकरून उतार केला. भावजयीचं अळू गेलं. ती म्हणाली, "जाऊ दे. हे शीळ घालतायत, ऐकलंत का भाऊजी?" मी ऐकलं होतं. लहानपणी घालायचा तीच शीळ, शेवटी बेसूर होणारी.

ज्या दिवशी इंजिन धडधडून सुरू झालं त्या दिवशी भांड्यांच्या फळीवरचे पेले नाचले आणि भाऊ केबिनमधून खाली बघून लहान मुलासारखा हसला.

मी मात्र माझ्या पुस्तकांकडे बघत होतो. हौद्याच्या दोन्ही बाजू त्यांनी भरल्या होत्या. कागदाला किती वजन असतं हे वाचनालयात खोके उचललेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी म्हणालो, "माझी पुस्तकं काढतो."

"राहू दे रे दादा. पुस्तकांनी काय होतंय?"

"नको. उगाच माझ्यामुळे काही व्हायला नको."

"तुझ्यामुळे आजवर काही झालंय का?" तो म्हणाला आणि हसत हसत खोके उचलू लागला. सगळे त्यानेच वाहिले. माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मशीन आणि खाटही त्याने बाहेर काढली. शेवटी हौद्याची फरशी झाडून घेतली आणि म्हणाला, "आता कुणी बोलायला नको. आत धूळसुद्धा नाही."

ठरल्या सकाळी निरीक्षक आला. गल्ली कुंपणाला टेकून उभी होती. हॉर्न कधी नव्हे तो गप्प होता. भावजयीने फळी काढून भिंतीला लावली आणि ती दारात उभी राहिली. भावाने धुतलेला शर्ट घातला होता.

इंजिन पहिल्याच वेळी सुरू झालं. मागची चाकं जागच्या जागी फिरली, माती उडाली, मग त्यांनी पकड घेतली आणि इतकी वर्षं न हललेली ती गाडी खरंच पुढे सरकली. दार आणि हौदा यांच्यामध्ये आकाश दिसू लागलं. कुणीतरी टाळी वाजवली. निरीक्षकही हसला. पुढची चाकं खड्ड्यातून वर चढली, नाक किंचित उचललं गेलं, आणि मी श्वास सोडला.

तेव्हा आवाज आला. मोठा नव्हता. जाड फांदी मोडावी तसा. गाडी थांबली आणि अगदी सावकाश मधून खाली बसू लागली, एखादं थकलेलं जनावर बसतं तशी. केबिन मागे कलली, हौदा पुढे कलला, आणि पोट जमिनीला टेकलं. इंजिन थोडा वेळ चालूच होतं. मग भावाने ते बंद केलं.

तो केबिनमधून उतरला, गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला आणि खाली बघू लागला. बराच वेळ बघत होता. त्याच्या धुतलेल्या शर्टाला माती लागली. मला वाटलं आपण जावं, पण जाऊन काय म्हणावं ते सुचेना.

निरीक्षक बिचारा घोटाळला. फाटक अजून दूर होतं. त्याने साहेबांना फोन लावला, दोनदा हो हो म्हणाला आणि भावजयीकडे आला, कारण भावाकडे जायचा त्यालाही धीर झाला नसावा. "काकू, साहेब म्हणतात हलली तर आहे. म्हणजे आजपर्यंत ती गाडी होती. मागची सगळी पट्टी रद्द." मग आवाज उतरवून म्हणाला, "पण आता ती हलणार नाही. आजपासून बांधकाम धरावं लागेल."

"बरं," भावजय म्हणाली.

आम्ही जिंकलो होतो, असं म्हणता येईल. हॉर्नने तसं म्हणायचा प्रयत्न केला. "मिस्त्री, मागचं सगळं माफ, हे काय थोडं झालं?" भावाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लोक पांगले.

संध्याकाळी तो अंगणात पायरीवर बसला होता. मी चहाचा कप नेऊन दिला आणि बाजूला बसलो. समोर गाडी वाकून पडली होती.

"दादा, आत किती ओझं होतं?" त्याने विचारलं.

मी आयुष्यात फार खोटं बोललेलो नाही. त्याची सवय नसली की बोलताना माणूस उगाच घाई करतो. मी म्हणालो, "माझी पुस्तकं होती ना. जाड जाड ग्रंथ होते, कोश होते. कागदाला भयंकर वजन असतं, तुला कल्पना नाही."

तो माझ्याकडे वळला. रागावला नाही. "पुस्तकं मीच उचलली दादा. सगळी तुझ्या खोलीत आहेत."

"काही राहिली असतील मागे."

"काही नव्हतं. मी झाडून घेतलं होतं." चहाचा कप त्याने न पिता खाली ठेवला. "जोडावरच गेली. कापल्यासारखी सरळ फाटलीय. आतपर्यंत वेल्डिंग पोचलंच नव्हतं. वरवर धरून होतं."

मी कप उचलून बाजूला सरकवला.

"सगळे तसेच मारले मी," तो म्हणाला. "एकसारखे."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. भावजय ऐकत असावी. थोड्या वेळाने त्याने तिला हाक मारली. "अगं, तो ड्रायव्हर... उतारावरचा. त्याची बायको पाण्याच्या टाकीमागे राहायची ना?"

"केव्हाच सोडून गेली," ती आतूनच म्हणाली. "मुलांना घेऊन गेली."

"कुठे?"

"कुणाला माहीत."

दुसऱ्या दिवशी तो तरीही तिकडे जाऊन आला. मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. चपलांना टाकीपाशी असतो तसा ओला चिखल लागला होता.

गाडी तिथेच आहे. दारापासून ती आता सात-आठ हातांवर आहे, आणि एवढी लांब फळी मिळाली नाही, म्हणून भावजय अंगणात उतरून पुन्हा चढते. पाऊस असला की डोक्यावर पाट धरते. हौद्याची जमीन मधल्या बाजूला उतरती झालीय. मशीनखाली विटा घातल्या, पण दोऱ्याचं रीळ हातातून सुटलं की खोलीभर घरंगळत पुढच्या कोपऱ्यात जाऊन थांबतं. माझी पुस्तकं मी परत नेली नाहीत. खोक्यांमधून वाट काढत पलंगापर्यंत जातो.

लोक त्याला सांगतात की पुन्हा जोड मार, वरून पट्टी ठोक, उभी राहील. वेल्डिंगचं मशीन पोत्याखाली झाकलेलं आहे. तो रोज एकदा गाडीखाली जातो, बघतो आणि बाहेर येतो.

यंदाची घरपट्टी आली तेव्हा गल्ली पुन्हा ओट्यावर जमली. पट्टी परत वाढली होती आणि दिवा अजून बंदच होता. हॉर्नने कुंपणावरून विचारलं, "मिस्त्री, मोडक्या गाडीचीपण पूर्ण आकारलीय का हो? जाऊ या का सगळे मिळून?"

"बरोबर आहे ती," भाऊ म्हणाला, आणि शर्ट घालून पालिकेत भरायला निघाला. एकटाच.

भावजय दारात उभी होती. तो फाटकाबाहेर गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा ना यांना. निदान तिथं जाऊन भांडा म्हणावं."

मी हो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.